राज्यांचे हक्क, जकात आणि बोस्टनमधला एक पळालेला गुलाम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातला अमेरिकन सहकारी छातीठोकपणे सांगतो की त्यांचं १८६१ ते ६५ चं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, ते राज्यांच्या हक्कांवरून आणि आयात मालावरच्या जकातीवरून झालं. मग खरं काय? मी दक्षिणेतल्या व्हर्जिनियाच्या रिचमंडला अकरा वर्षं काढली आहेत. शेजाऱ्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांकडून हे वाक्य ऐकून कान किटलेत.

जकातीचं आधी उरकतो. १८३२ मध्ये दक्षिणेतली साउथ कॅरोलायना त्यावरून खरंच हातघाईवर आली होती, पण ते प्रकरण पुढच्याच वर्षी मिटलं. १८५७ च्या कायद्याने तर जकात बरीच खाली आली होती. जकात वाढवणाऱ्या ज्या मॉरिल कायद्याकडे नेहमी बोट दाखवतात, तो सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, मंजूर झाला फेब्रुवारी १८६१ मध्ये. तोवर दक्षिणेतली सात राज्यं देशातून फुटून बाहेर पडली होती.

हक्कांचं मात्र जरा बैजवार सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखात गुलाम न्यायचे की नाही, यावरून १८५० मध्ये देश फुटायला आला होता. तडजोड झाली: कॅलिफोर्निया गुलामगिरीविना राज्य म्हणून आत आलं आणि बदल्यात दक्षिणेतल्या गुलामगिरीवाल्या राज्यांना, पळालेले गुलाम परत मिळवून देणारा कडक कायदा मिळाला. कायदा राज्यांचा नव्हे, वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही, ज्यूरी नाही, आणि रस्त्यावरच्या कुणालाही पाठलागात सामील व्हायचा हुकूम सोडता येणार. निकाल देणाऱ्या कमिशनरची फी तर वाचण्यासारखी आहे. माणूस सुटला तर ५ डॉलर, मालकाकडे परत पाठवला तर १०. म्हणे कागदपत्रं जास्त करावी लागतात!

आता अँथनी बर्न्सची गोष्ट. हा रिचमंडहून जहाजात लपून १८५४ च्या सुरुवातीला बोस्टनला पोचला आणि कपड्यांच्या एका दुकानात कामाला लागला. भावाला पत्र पाठवलं ते खबरदारी म्हणून कॅनडामार्गे, पण आत मात्र ‘बोस्टन’ लिहून गेला. पत्र मालकाच्या हाती लागलं. २४ मेच्या संध्याकाळी चोरीचा खोटा आळ घालून त्याला धरलं. दोन दिवसांनी लोकांनी कोर्टाचं दार फोडायचा प्रयत्न केला, त्यात एक पहारेकरी मेला. २ जूनला निकाल मालकाच्या बाजूने लागला. एका माणसाला धक्क्यावर नेण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले. इमारतींवर काळं कापड लावलेलं, एका ठिकाणी रस्त्यावर शवपेटी टांगलेली, आणि सुमारे ५०,००० लोक ओरडत होते. सरकारचे ४०,००० डॉलर खर्ची पडल्याचा अंदाज सांगतात. ज्या बोस्टनच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या, तिथले भले सावध व्यापारीही त्या दिवशी बिथरले.

त्याच सुमारास उत्तरेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या कोर्टाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हणजे राज्याचा हक्क वापरला कुणी? उत्तरेने. तो वॉशिंग्टनने मोडून काढावा असं वाटत होतं कुणाला? दक्षिणेला. १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनला एकमताने गप्प बसवलं, तेव्हा राज्यांच्या हक्कांसाठी दक्षिणेत कुणी गळा काढला नाही.

आपल्या ‘यादवी’ शब्दामागची कथा इथे चपखल बसते. यादवांनी ते शापाचं मुसळ कुटून भुगा समुद्रात टाकला, आणि त्याचंच गवत किनाऱ्यावर उगवलं. १८२० मध्ये नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ मारून प्रश्न असाच कुटून टाकला होता: फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियानाच्या मुलखात रेघेच्या वर, एक मिसूरी सोडून, गुलामगिरी नाही. बर्न्स कोठडीत असताना, ३० मे १८५४ ला, सिनेटर स्टीफन डग्लसच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली आणि रेघ पुसली गेली. गुलामगिरी हवी की नको, ते या दोन मुलखांतल्या लोकांनी मतदानाने ठरवावं, असं ठरलं. पुढच्या मार्चमध्ये कॅन्ससात मतदार होते २,९०० च्या आसपास आणि मतं पडली ६,००० च्या वर. शेजारच्या गुलामगिरीवाल्या मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या येऊन मतं टाकून गेल्या. आपल्याकडच्या बोगस मतदानाचे किस्से यापुढे फिके.

मे १८५६ चा एक आठवडा पाहा. २१ ला गुलामगिरीवाल्यांनी कॅन्ससातलं विरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं. २२ ला खुद्द सिनेटच्या सभागृहात दक्षिणेतल्या प्रेस्टन ब्रुक्स या खासदाराने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नरला काठी मोडेपर्यंत मारलं, आणि दक्षिणेतून ब्रुक्सला भेट म्हणून नव्या काठ्या आल्या. २४ च्या रात्री कट्टर गुलामगिरीविरोधी जॉन ब्राऊनच्या माणसांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घरातून ओढून ठार केलं. १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामाने सुटकेसाठी लढवलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: नव्या मुलखांत काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, गुलामगिरी रोखताच येत नाही. तडजोडीला जागाच उरली नाही.

तुम्ही पुढे विचारलंय की लिंकनने तर असलेली गुलामगिरी मोडणार नाही असं सांगितलं होतं, मग दक्षिण का बिथरली? सांगितलं होतं, बरोबर. पण नव्या मुलखात ती पसरू देणार नाही, यावर तो अडून बसला. १८६० च्या निवडणुकीत दहा दक्षिणी राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकाही नव्हती, तरी तो निवडून आला. दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी हिशेब केला: आपल्या मतांवाचून राष्ट्राध्यक्ष होत असेल, तर उद्या जवळजवळ ४० लाख गुलामांचं, म्हणजे त्यांच्या लेखी मालमत्तेचं, काय?

साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला फुटली. तिचा कारणं सांगणारा जाहीरनामा सहकाऱ्याला वाचायला द्या. उत्तरेची राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत, न्यूयॉर्क तर गुलाम घेऊन नुसतं जाऊही देत नाही, हीच त्यातली मोठी तक्रार आहे. मिसिसिपीने तर गुलामगिरी हेच कारण सुरुवातीलाच सांगून टाकलं. शिवाय कॉन्फेडरसीच्या, म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाच्या, नव्या घटनेत, मिळेल त्या नव्या मुलखात गुलामगिरी मान्य करायचीच असं कलम घातलं. हवी की नको, हे तिथल्या लोकांवर सोडलं नाही. इकडे पुण्यात बसून महात्मा फुल्यांना याबाबत संभ्रम नव्हता. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

बर्न्सचं पुढे काय झालं, हे कुणीतरी विचारेलच. वर्षभरात बोस्टनमधल्या लोकांनी १,३०० डॉलर मोजून त्याला सोडवला. तो ओहायोत ओबर्लिनला शिकला, कॅनडात सेंट कॅथरिन्सला पाद्री झाला आणि जुलै १८६२ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. रिचमंड तेव्हा कॉन्फेडरसीची राजधानी होती.