मांजराच्या मुताचा वास आणि अडकलेले डिपॉझिट

प्रश्न : पुण्यात लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेला फ्लॅट आम्ही ३१ मे रोजी सोडला. डिपॉझिट १,२०,००० रुपये होते. किल्ली घेताना मालकांनी घर पाहिले आणि ‘सगळे ठीक आहे, आठवड्यात पैसे पाठवतो’ असा व्हॉट्सॲप मेसेज केला. जूनअखेर त्यांचा निरोप आला की बेडरूममध्ये मांजराच्या मुताचा उग्र वास येतो, पूर्ण फ्लॅटची फरशी व रंग नव्याने करावा लागेल, म्हणून ९५,००० कापणार. आमचा बोका खिडकीखाली आणि कपाटाजवळ काही वेळा मुतला होता, हे खरे. आम्ही फिनेलने पुसून घेतले होते. करारात पाळीव प्राण्यांबद्दल काही लिहिलेले नाही. सगळे पैसे मिळतील का?

उत्तर : सगळे मिळतील असे धरून चालू नका. मात्र ९५,००० कापायचे तर मालकांना बरेच काही सिद्ध करावे लागेल, आणि त्यांच्या निरोपावरून त्यांच्याकडे ते दिसत नाही.

‘वास ही सर्वसाधारण झीज आहे’ हा युक्तिवाद करू नका, तो टिकणार नाही. भिंतीचा रंग फिका पडणे ही झीज; प्लायवूडमध्ये मूत मुरणे हे नुकसान. प्रश्न उरतो तो नुकसानीच्या रकमेचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीचीच भरपाई मागता येते. त्या कलमाचे स्पष्टीकरण तुमच्या उपयोगाचे आहे : भरपाई ठरवताना, झालेली गैरसोय दूर करण्याचे जे उपाय उपलब्ध होते तेही विचारात घ्यायचे असतात. एका खोलीतले दोन कोपरे नीट साफ करून वास जात असेल, तर अख्ख्या फ्लॅटच्या फरशीचा खर्च तुमच्या माथी मारता येत नाही.

करारात ‘डिपॉझिट जप्त होईल’ असे कलम असले तरी घाबरू नका. त्याच करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली मिळते ती वाजवी भरपाई. प्रत्यक्ष नुकसान झालेच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालात सांगितले आहे.

मे महिन्यात वास नव्हता आणि जूनमध्ये आला, यावरून मालक खोटे बोलतात असे समजू नका. फिनेलने युरिया आणि वरचा थर जातो, पण युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते टाइल्सच्या जोडांत, स्कर्टिंगमागे आणि कपाटाच्या तळाच्या प्लायवूडमध्ये बसून राहतात. पावसाळी दमट हवेत ओल धरली की वास पुन्हा उठतो. बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर तो अधिकच उग्र असतो. म्हणून मेसेजमधल्या ‘सगळे ठीक’ या शब्दांवर सगळी भिस्त ठेवू नका. पैसे परत करण्याची कबुली म्हणून मात्र तो मोलाचा आहे. फोन बदलण्याआधी संभाषण जपून ठेवा. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते.

आता मालकांना लेखी कळवा की स्वखर्चाने सफाई करून देतो, दोन दिवस फ्लॅट उघडून द्या. त्यांनी नकार दिला तरी तो नकार तुमच्याच कामाचा. परवानगी मिळाली तर काम असे करा. रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्चने फरशी व भिंतीचा खालचा फूटभर भाग तपासा. डिटर्जंटचे डागही चमकतात, तेव्हा खात्री नाकानेच करा. प्रत्येक डागाचा फोटो काढा. आधी साध्या पाण्याने फिनेलचा अंश धुऊन काढा, कारण जंतुनाशक उरले तर एन्झाइम क्लीनर (मुतातले वासाचे घटक विघटित करणारे द्रावण) नीट काम करत नाही. मग क्लीनर जोडांत मुरेल इतका ओता, वर प्लास्टिक अंथरून रात्रभर ओला ठेवा, नंतर आपोआप वाळू द्या. गरज पडल्यास पुन्हा करा. नुसता स्प्रे मारून पुसला तर मूत जिथवर मुरले तिथवर तो पोहोचतच नाही. तरीही जोडांतून वास आला तर तेवढ्या जोडांतले जुने व्हाईट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. फुगलेले प्लायवूड वाचत नाही. त्या फळीचा खर्च मान्य करा. ब्लीच वापरू नका, मुतातल्या अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो. फरशी संगमरवरी असेल तर व्हिनेगर किंवा लिंबूही नको, त्यांनी ती खरवडल्यासारखी होते आणि नवे, खरेखुरे नुकसान तुमच्या खात्यावर जमा होते.

यानंतर नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. तीत बोका घरात होता हे लपवू नका. सफाई आणि एका फळीची रक्कम स्वतः लिहून वजा करा, बाकीची १५ दिवसांत व्याजासह मागा. व्याज अधिनियम, १९७८ खाली नोटिशीत व्याज स्पष्ट मागितलेले असणे फायद्याचे ठरते. सोबत मालकांकडून खर्चाची पावती, कामाआधीचे फोटो आणि फ्लॅट पुन्हा दिला असल्यास त्याची तारीख मागा. फरशी न बदलता तो त्याच भाड्याने गेला असेल तर ९५,००० च्या मागणीत काही दम उरत नाही. नुसते कोटेशन म्हणजे झालेला खर्च नव्हे.

करार नोंदवलेला आहे ना, हेही पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती झालेली नसेल तर अटींबाबत तुमचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू नका. वाद दिवाणी आहे, असे सांगून बहुधा परत पाठवतील. दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, घाई नाही. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करा. त्याला कोर्ट फी लागत नाही. तिथली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा आणि पैसे देण्याची तारीख दोन्ही कागदावर आल्याची खात्री करून घ्या.