मनगट मोडल्यापासून आई घरातच बसून असते; ७४व्या वर्षी तोल सुधारण्याचा व्यायाम उपयोगी पडतो का?

तुमच्या आई गुहागरजवळच्या गावी एकट्या राहतात, गेल्या श्रावणात विहिरीकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून पाय सरकून त्यांचे मनगट मोडले आणि तेव्हापासून त्या ओटीवरून खाली उतरत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. या वयात तोलाच्या व्यायामाचा खरोखर उपयोग होतो का, की न्हाणीघरात धरायला दांडे बसवून त्यांना जपणेच बरे, हा तुमचा प्रश्न आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षे फिजिओथेरपीचे काम करते. व्यायामाचा उपयोग होतो. दांडेही जरूर बसवावेत, परंतु त्यांच्या भरवशावर आईंना बसवून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

या मतामागे माझी आत्या आहे. तिचेही मनगट पाखाडी उतरताना असेच मोडले होते. मी तेव्हा नुकतीच शिकून आले होते. प्लास्टर निघाल्यावर मी रोज तिच्या हाताचा व्यायाम घेतला आणि हात पूर्ववत झाला. पायांकडे मात्र मी पाहिलेच नाही. परसात जाणे, पाणी शेंदणे, वाडीतल्या झावळ्या गोळा करणे ही तिची सगळी कामे आम्ही मायेने काढून घेतली. दीड वर्षाने, फरशी कोरडी असताना आणि दिवा चालू असताना, पलंगावरून उठून वळताना ती कुशीवर पडली व तिचे खुब्याचे हाड मोडले. पहिल्या वेळचा दोष आम्ही शेवाळाला दिला होता. तिच्या पायांतही तो होता, हे मला फार उशिरा कळले.

उभ्या माणसाचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व घोट्यांतून येणारी जाणीव या तिन्हींवर अवलंबून असतो, आणि शरीर कलले की घोट्याचे, मांडीचे व खुब्याच्या बाजूचे स्नायू आवळून किंवा एक पाऊल चटकन टाकून आपण सावरतो. वयाबरोबर ही जाणीव मंदावते, मधुमेह असेल तर तळपाय अधिकच बधिर होतात, आणि पावसाळ्यात रात्री वीज गेली की डोळ्यांचा आधारही जातो. मग सगळी भिस्त स्नायूंच्या ताकदीवर आणि चपळाईवर राहते, आणि घरात बसून राहिल्याने नेमकी तीच झपाट्याने कमी होते.

पासष्टीच्या पुढच्या साधारण तीन माणसांपैकी एक जण दर वर्षी एकदा तरी पडतो. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १०८ चाचण्यांचा, म्हणजे २३ हजारांहून अधिक वृद्धांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात व्यायाम करणाऱ्यांचे पडणे २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, आणि याचा सर्वांत खात्रीलायक पुरावा तोलाच्या व रोजच्या हालचालींच्या सरावाबाबत मिळाला. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे मात्र त्यातून सिद्ध झाले नाही. ‘आई रोज देवळापर्यंत चालून येते, तेवढे पुरे’ हे मी घरोघरी ऐकते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. वयाचे म्हणाल, तर न्यूझीलंडमधील डनेडिन येथे घरच्या घरी करायच्या अशा व्यायामाची जी चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, ती ८० वर्षे व त्यापुढील स्त्रियांवरच केलेली होती, आणि त्यांचेही पडणे कमी झाले.

सुरुवातीला आईंची आजची स्थिती पाहून घ्या. भिंतीजवळ उभे राहून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवून, आधार न घेता, त्यांना दहा सेकंद उभे राहता येते का? हात छातीवर बांधून, खुर्चीतून अर्ध्या मिनिटात त्या किती वेळा पूर्ण उभ्या राहतात? त्यांच्या वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका आहे असे समजतात. हे करताना तुम्ही त्यांच्या अगदी शेजारी उभे राहावे.

व्यायामाचे मर्म एवढेच आहे की तोल सुधारायचा असेल, तर तो सरावात थोडासा डळमळला पाहिजे. खुर्चीत बसून पाय हलवल्याने तसे होत नाही. खिडकीचे गज किंवा स्वयंपाकाचा ओटा दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे, एका पायावर उभे राहणे, आडवे चालणे, भिंतीच्या कडेने टाचेपुढे टाच ठेवत माजघर ओलांडणे आणि खुर्चीतून हात न टेकता उठणे, एवढ्यावर सुरुवात होते. आठ-पंधरा दिवसांनी ते सोपे वाटू लागले की दोन हातांऐवजी एक हात, मग दोन बोटे, आणि शेवटी हात गजांपासून चार बोटे दूर, अशी पायरी चढवत न्यावी. बहुतेक घरांत व्यायाम सुरू होतो, पण ही चढण कोणी चढत नाही आणि मग गुण येत नाही. आधाराला प्लास्टिकची खुर्ची कधीही घेऊ नये, ती माणसासकट सरकते. एकट्या असताना डोळे मिटून काही करू नये. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास ही किमान मात्रा धरा. पुढे आठवड्याचे तीन तास झाले तर लाभ वाढतो, आणि सोडले की तो ओसरतो. वेगळा वेळ काढून व्यायाम करणे आईंना पटत नसेल, तर तो कामात मिसळावा: दूध तापेपर्यंत ओटा धरून एका पायावर, फडताळातले काही घेताना टाचा उचलून. सिडनीमध्ये सत्तरीपुढच्या, आधी पडलेल्या लोकांना याच रीतीने शिकवले, तेव्हा त्यांचे पडणे ३१ टक्क्यांनी घटले. ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवा. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडते, तेव्हा हाडे ठिसूळ झाल्याची शंका घ्यावीच लागते, म्हणून हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. रक्तदाब झोपून आणि मग उभे राहून मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो. झोपेच्या गोळ्या व मोतीबिंदू यांचीही चौकशी करा. ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस मनाने देऊ नका: ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तेव्हा पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

पाऊस तोंडावर आहे, तेव्हा पायऱ्यांवरचे शेवाळ आताच खरवडून घ्या, अंगणात झावळ्या अंथरा आणि दमट हवेत पाणी सुटणाऱ्या गुळगुळीत फरशीवर झिजलेल्या स्लिपर घालू देऊ नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुक्कामात आईंकडून करून घ्या. सतरंजीवर आडवे होऊन, कुशीवर वळून, बरा हात आणि गुडघे टेकत जड बाकापर्यंत सरकायचे व त्याला धरून उठायचे. मनगट अजून दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून मगच हे करा. माझ्याकडे येणाऱ्या एकट्या राहणाऱ्या बायका मला सांगतात की पडण्यापेक्षा पडल्यावर उठता येणार नाही, रात्रभर तसेच पडून राहावे लागेल, याची धास्ती त्यांना अधिक असते. स्वतःहून उठणे चार-पाच वेळा जमले की त्या आपण होऊन पुन्हा अंगणात उतरू लागतात, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.