टेलिफोन आणि उंच इमारती

प्रश्न : टेलिफोन नसता तर शहरांत उंच इमारती झाल्याच नसत्या, असं एका व्याख्यानात ऐकलं. लिफ्टमुळे म्हटलं असतं तर पटलं असतं. टेलिफोनचा आणि मजल्यांचा काय संबंध?

उत्तर : झाल्या असत्या हो, पण तिथे बसून धंदा करणं कठीण गेलं असतं. अमेरिकेतल्या ओटिस या लिफ्टवाल्याची माणसं नेणारी पहिली लिफ्ट १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात बसली. बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये. तोवर जवळपासच्या कचेऱ्यांचे निरोप पोऱ्यांच्या पायांनी जात. आता दहाव्या मजल्यावरच्या शेठजींना समोरच्या इमारतीत आठव्या मजल्यावर नुसता भाव विचारायचाय. पोऱ्या उतरणार, चढणार, उत्तर घेऊन पुन्हा उतरणार, पुन्हा चढणार. अमेरिकन टेलिफोन अभियंते जॉन कार्टी विचारत की, सगळे निरोप माणसांनीच न्यायचे तर त्यासाठी लागतील तेवढ्या लिफ्ट बसवून कचेऱ्यांना जागा किती उरेल? कार्टी टेलिफोनवाले, आपल्याच पोळीवर तूप ओढणार. तरी मुद्दा खोटा नाही. शिवाय याच टेलिफोनने कारखाना गावाबाहेर आणि कचेरी भर पेठेत ठेवायची सोय केली, म्हणजे शहर आडवंही वाढलं.

मला विचाराल तर श्रेय टेलिफोनच्या यंत्रापेक्षा एक्स्चेंजचं, म्हणजे सगळ्यांच्या तारा जिथे येऊन एकमेकींना जोडल्या जातात त्या जागेचं, जास्त. (माझी नोकरी तिथेच झाली, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.) पन्नास जणांना एकमेकांशी थेट जोडायचं तर १,२२५ जोडण्या लागतात, एक्स्चेंजपर्यंत मात्र फक्त ५०. पहिलं व्यापारी एक्स्चेंज अमेरिकेतल्या न्यू हेवनला २८ जानेवारी १८७८ रोजी सुरू झालं, ग्राहक २१. तरीही तारांचं जंगल माजलंच. स्टॉकहोममध्ये १८८७ साली एक्स्चेंजच्या छपरावर मनोरा उभारला, त्यावर पाच हजारांवर तारा येत. मार्च १८८८ च्या हिमवादळात न्यूयॉर्कचे खांब तारांसकट आडवे झाले, तेव्हा कुठे तारा जमिनीखाली घालायच्या कामाला जोर आला.

आमचं एक्स्चेंज स्ट्राउजर पद्धतीचं. हा स्ट्राउजर कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवायचा. ऑपरेटरशिवाय फोन जोडण्याचं पेटंट त्याने १८९१ मध्ये मिळवलं. तुम्ही शेवटचे दोन आकडे ४७ फिरवलेत की सिलेक्टरचा, म्हणजे शंभर नंबरांतून हवी ती लाइन निवडणाऱ्या स्विचचा, दांडा खट खट करत चार पायऱ्या वर चढायचा आणि सात घरं आडवा फिरायचा. सकाळी कचेऱ्या उघडल्या की हॉलमध्ये पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे.

एकदा जवळच्या सात मजली इमारतीची लिफ्ट दोन दिवस बंद पडली. तिथल्या बहुतेक लायनी शंभर नंबरांच्या एकाच गटात, एकाच रॅकवर होत्या. त्या रॅकचे सिलेक्टर दोन्ही दिवस जेवणाच्या सुट्टीतसुद्धा थांबले नाहीत. आम्हाला वाटलं, काहीतरी बिघडलंय. तपासलं तर सगळं ठीक. तिसऱ्या मजल्यावरचे सहाव्याला फोन करत होते.