जर्मनीतलं मोझेल इतकं उत्तरेला असूनही तिथे वाइनची द्राक्षं पिकतात कशी?

मुख्य कारण म्हणजे तिथला उतार, मोझेल नदी आणि काळा स्लेट दगड, हे तिन्ही मिळून द्राक्षाला हवेतून मिळत नाही ती ऊब पुरवतात. हा भाग साधारण ५०° उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे द्राक्षशेतीच्या नेहमीच्या पट्ट्याच्या पार टोकाला, त्यामुळे सपाट जमिनीवर ऊन तिरपं पडतं आणि कमी पडतं, पण दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्यासारख्या उतारावर तेच ऊन जवळजवळ सरळ येतं (ब्रेम गावाजवळच्या कालमाँट या द्राक्षमळ्यांच्या डोंगराचा उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांच्या आसपास जातो, तिथे ट्रॅक्टर चालतच नाही, बरीचशी कामं हातानेच करावी लागतात आणि त्या लोकांच्या मेहनतीला खरंच तोड नाही). स्लेट दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता हळूहळू सोडतो, नदीमुळे थंडीची तीव्रता जरा कमी होते. शिवाय तिथली रिझलिंग ही द्राक्षाची जातच अशा हवेला फिट बसते, तिला कोंब उशिरा फुटतात म्हणून वसंतातल्या हिमाचा धोका कमी आणि ती पिकतेही सावकाश, बऱ्याचदा ऑक्टोबरपर्यंत, म्हणून आंबटपणा टिकून राहतो.

फक्त एक लक्षात घ्या, हे सगळ्या मोझेलला सरसकट लागू नाही. झार आणि रुवर या उपनद्यांच्या खोऱ्यात थंडी जास्त असते, आणि हवामान बदलामुळे आता एकूणच द्राक्षं पूर्वीपेक्षा लवकर पिकायला लागली आहेत.