कडकनाथ कोंबडी अंड्यांवरून उठून जाते. तीच अंडी गावठी खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवली तर पिल्लं निघतील का? (इंदूर)

हो, निघतील, आणि कडकनाथसाठी तोच उत्तम मार्ग आहे. कडकनाथ ही आपल्या शेजारच्या झाबुआ-अलिराजपूरची जात; काटक आहे, पण खुडूक क्वचितच बसते, बसली तरी नेटाने बसत नाही. म्हणून तिची अंडी पूर्वापार गावठी कोंबडीखालीच उबवली जातात. आमच्या परसातही तसंच करतो.

आधी दोन साधी अंडी ठेवून गावठी कोंबडी दोन रात्री हलत नाही ना, ते पाहा. मग अंधार पडल्यावर दहा-बारा अंडी एकदम सरकवा. रोज एकेक घातलंत तर पहिली पिल्लं निघताच ती उठेल आणि बाकीची अंडी वाया जातील. सातव्या दिवशी टॉर्चसमोर धरा: शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, नितळ असेल तर काढा. 21 दिवस लागतात. दाणा-पाणी जवळच ठेवा, फार भुकेली राहते बिचारी.

फक्त मे महिन्यात टाळा. त्या उकाड्यात साठवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढून मरतो. बसवायचीच असेल तर तीन-चार दिवसांपेक्षा जुनं अंडं नको, तेही माठाशेजारच्या गारव्यात ठेवलेलं.