आम्ही मित्रांनी वर्गणी काढून फाउंडेशन काढलं, तर गावातल्या पोरांना धंदा मिळेल का?

तुम्ही विचारलंय की पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या तुम्ही मित्रांनी वर्गणी काढायची, संस्था नोंदवायची आणि आपल्या तालुक्याच्या गावातल्या पोरांना धंद्यासाठी थोडे थोडे पैसे द्यायचे, हे चालेल का.

वर्गणी जमेल. संस्थाही नोंदली जाईल. घोडं अडेल ते वाटपात. मी न्यासांचे हिशेब तपासतो, त्यामुळे अशा वाटपाचं पुढे काय होतं ते वह्यांत दिसतं. मोबाइल दुरुस्तीची तीन दुकानं असलेल्या पेठेत चौथं निघतं, कारण पोरांच्या डोळ्यांसमोर तेवढाच धंदा असतो. गिऱ्हाईक मात्र तेवढंच राहतं. भांडवल नाही ही अडचण खरी, पण घेणारा नाही ही त्याहून मोठी.

ही गाठ नीट ओळखलेलं एक ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड. तुमच्या मनात आहे तशा लोकनिधीची पद्धतही तिथलीच. १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने क्लीव्हलंड फाउंडेशन काढलं. धनिक मंडळी मृत्युपत्रात पैसा एखाद्याच कामाला बांधून जात, काळ बदलून ते काम संपे आणि पैसा अडकून राही. गॉफने तोडगा काढला तो असा: सगळ्यांचा पैसा एका निधीत ठेवायचा आणि उत्पन्न कशावर खर्चायचं ते शहरातल्या नागरिकांच्या समितीने त्या त्या काळची गरज बघून ठरवायचं. आपल्याकडे १९९१ साली मुंबईत निघालेला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीचा.

पुढे क्लीव्हलंडमधले कारखाने गेले. १९५० साली ९ लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या २०१० पर्यंत ४ लाखांच्या आत आली. गंमत अशी की पडझड झालेल्या वस्त्यांना लागूनच क्लीव्हलंड क्लिनिक, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ अशा बड्या संस्था उभ्या होत्या. त्यांची वर्षाची खरेदी सुमारे ३ अब्ज डॉलरची, आणि त्यातलं शेजारच्या वस्तीत जवळपास काहीच येत नव्हतं. म्हणजे घेणारा होता, फक्त तो दुसरीकडून घेत होता. फाउंडेशनने या संस्थांना एका टेबलावर बसवलं आणि त्यांना जे लागतं ते करणारे उद्योग वस्तीत उभे करायला हातभार लावला. २००९ साली एव्हरग्रीन ही लाँड्री सुरू झाली. हॉस्पिटलच्या चादरी धुवायच्या, आणि मालक कोण, तर तिथे काम करणारेच. नवा माणूस आधी काही महिने उमेदवारी करतो, मग मत पडलं तर सभासद होतो. त्याच्या भागाचे ३,००० डॉलर पगारातून तासाला ५० सेंट असे कापले जातात. ही कल्पना मला फार आवडते, कारण फुकट मिळालेल्या भागाची कुणाला फिकीर नसते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. हॉस्पिटलांची जुनी कंत्राटं चालू होती, त्यामुळे सुरुवातीला वृद्धाश्रमांची कामं घेऊन लाँड्री तगवावी लागली. क्लीव्हलंड क्लिनिकने आपला धुलाईचा कारखाना एव्हरग्रीनच्या हाती दिला तो २०१८ साली. नऊ वर्षं! तुमच्या वर्गणीदारांना एवढा धीर आहे का, हे पैसे घेण्याआधी विचारून ठेवा.

आता तुमचं गाव. तिथे खाजगी दवाखाने असतील, एखादं कॉलेज आणि त्याचं वसतिगृह, साखर कारखान्याचं कँटीन, दोन-तीन मंगल कार्यालयं. चादरी, भाजी, गणवेश, पत्रावळी, फाइली हे सगळं येतं कुठून? बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणाहून. सरकारी दवाखान्याच्या नादी सुरुवातीला लागू नका, तिथे निविदा आणि पोर्टलची वाट आहे. खाजगीवाल्याकडे गावचा माणूस ओळखीने आत जाऊ शकतो. पण बिल तीन-तीन महिने लटकतं आणि लहान पुरवठादार तिथेच मरतो. पुरवठादाराला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करायला लावा, कारण सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. तरी कायदा दाखवून गिऱ्हाईक टिकत नाही हेही खरं. तुमच्या निधीचा खरा उपयोग मला इथे दिसतो: बिल येईपर्यंतचं खेळतं भांडवल.

कागदोपत्री बाजूने दोनच गोष्टी सांगतो. धंदा न्यासाच्या नावावर करू नका. सर्वसाधारण लोकोपयोगी हेतूच्या संस्थेला व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपर्यंतच चालते, त्यापुढे करमाफी धोक्यात. क्लीव्हलंडमध्येही फाउंडेशन वेगळं आणि लाँड्री वेगळी आहे. तुम्हीही न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा आणि धंद्यासाठी सहकारी संस्था किंवा कंपनी वेगळी करा. दुसरं, विश्वस्ताच्या पुतण्याला किंवा मेव्हण्याला न्यासातून लाभ गेला की त्या रकमेवरची करमाफी तर जातेच, गावात भावकीचं भांडणही सुरू होतं. म्हणून वाटपाच्या समितीत गावातली, पण विश्वस्तांच्या गोतावळ्याबाहेरची माणसं घ्या. निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेत काम केलेलं कुणी.

आणि जमा झालेलं सगळं एकाच हंगामात वाटू नका. मुद्दल म्हणजे बियाणं, ते खायचं नसतं. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब विसर्जनापर्यंत संपतो, तशी सवय इथे लागली की दुसऱ्या वर्षी पुन्हा हात पसरावे लागतात.

सुरुवात मात्र पैशापासून करू नका. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा दोघं-तिघं मिळून आठ-दहा मोठ्या खरेदीदारांना भेटा. काय घेता, कुठून, किती दराने, पैसे किती दिवसांनी देता, एवढंच विचारा आणि लिहून आणा. देणग्यांचं पावतीपुस्तक त्यानंतर छापा. २,००० रुपयांवरची रोख देणगी देणगीदाराच्या आयकर सवलतीला (जिला ८०जी म्हणतात) चालत नाही, तेव्हा त्यावर बँक खात्याचा क्यूआर कोडही छापून घ्या.