‘आता ने रे देवा’ म्हणणाऱ्या आईला काय म्हणायचं?

गेल्या अडीच महिन्यांत हा प्रश्न माझ्यासमोर चौथ्यांदा आला, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी समुपदेशक आहे. फोनवर बहुतेक मुलगा नाहीतर सून असते. आवाज खाली आणून विचारतात, “मॅडम, आई सारखी म्हणते मला आता प्रभूकडे जायचंय. हा विश्वास म्हणायचा की आजार?”

हिंदू घरातून फोन आला की प्रभूच्या जागी पांडुरंग असतो. माझी आजी रामबागेतल्या आमच्या घरी ओटीवर बसून रोज संध्याकाळी ‘आता ने रे पांडुरंगा’ म्हणायची आणि त्याच दमात विचारायची, “भाजी कुठली टाकलीये गं?” ते म्हणणं जांभईसारखं होतं. आम्ही पुस्तकातून मान वर करून बघायचोही नाही. ख्रिस्ती घरात मात्र मुलांची पंचाईत होते. देवाजवळचं सार्वकालिक जीवन हा तिथे सुस्कारा नसतो, तो विश्वासाचा गाभा असतो. दर रविवारी उपासनेत जे ऐकायचं, दफनाच्या वेळी ज्याच्या आधारावर उभं राहायचं, तेच आई बोलते आहे. तिला ‘असं अभद्र बोलू नको’ कसं म्हणणार?

मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना आपण काकू म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. वय ७१. माहेर नगरचं, लग्न होऊन इंदूरला आल्या. यजमान शाळेत मास्तर होते. इथल्या १८८७ सालच्या क्रिश्चियन कॉलेजात शिकलेले, आणि किशोरकुमारही त्याच कॉलेजचा हे ते दर पाहुण्याला सांगत. (नगरचं आता अहिल्यानगर झालं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, “म्हणजे मी अहिल्याबाईंच्या माहेरातून त्यांच्या सासरी आले.”) काका प्रभूमध्ये झोपी गेले त्याला चौदा महिने झाले होते.

त्यांना घेऊन आली ती सून. कारण एक डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, सुई-दोऱ्याचा. बटण लावायचं म्हणून तिनं उघडला, तर रिळांच्या खाली रुमालात बांधलेल्या ब्लडप्रेशरच्या ४३ गोळ्या. रोज सकाळी ती गोळी सासूबाईंच्या हातावर ठेवायची, सासूबाई पाणी प्यायच्या आणि गोळी मुठीतच राहायची. चौदा महिन्यांत वजन अकरा किलोनं उतरलेलं. ट्रंकेत पांढरी साडी घडी करून ठेवलेली, तिच्या पदरात चिठ्ठी, दफनाच्या वेळी कोणती गीतं म्हणायची त्याची. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक भेटायला येत आणि म्हणत, “काकूंचा विश्वास बघा किती दृढ आहे!” घरचे गप्प बसत.

पहिल्याच दिवशी मी सरळ विचारलं, “काकू, जिवाचं बरं-वाईट करून घ्यावं असं मनात येतं का?”

सुनेनं चमकून माझ्याकडे पाहिलं. खूप जणांना वाटतं, असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होतं. तसं होत नाही. उलट बोलायला जागा मिळते. हे मी गेली २२ वर्षं सांगते आहे, आणखीही सांगेन.

काकू शांतपणे म्हणाल्या, “छे हो, ते पाप आहे. मी काही करणार नाही.” मग जरा थांबून, “पण गोळी न घेणं म्हणजे काही करणं नव्हे ना, बाई?”

मी त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवू शकले नाही. किती विचार करून शोधलेली वाट होती ती! पाप टळावं आणि बोलावणंही लवकर यावं.

पहिली कामं साधी होती, ती झटपट सांगते. साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी घरातून बाहेर. बाकीची औषधं सुनेच्या कपाटात, कुलपात. दुसऱ्या दिवशी फिजिशियन, रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड आणि बी-१२ धरून, कारण म्हातारपणी मन बसतं त्याला कधी कधी शरीरच कारण असतं. मग मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी उदासीचा आजार आहे म्हणून सांगितलं आणि छोट्या मात्रेत औषध सुरू केलं. काकू तिकडे गेल्या त्या केवळ सुनेच्या डोळ्यांतलं पाणी बघून. गोळी आता सुनेसमोर, तोंड उघडून दाखवून. “लहान पोरीसारखं,” त्या म्हणाल्या. त्यांना ते आवडलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे माझं काहीच चाललं नाही, हेही सांगते. ‘काकांना तुम्हाला असं बघून काय वाटलं असतं?’ हे माझं नेहमीचं वाक्य मी वापरलं. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुन्हा कधी कुणाला विचारलं नाही. मुलानं वेगळा उपाय केला. तो एकदा बरोबर आला आणि त्यानं माझ्यासमोर आईला बायबलमधल्या, पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा पहिला अध्याय ऐकवला. काकूंचं आवडतं वचन तिथलंच, २१वं: मला जगणं ख्रिस्त आणि मरणं लाभ. मुलगा म्हणाला, “आई, तू तिथेच थांबतेस. पुढे २४ वाच. पौल म्हणतो, जावंसं वाटतंय, पण देहात राहणं तुमच्याकरता जास्त गरजेचं आहे. आणि हे त्यानं तुरुंगातून लिहिलंय!”

मुद्दा बिनतोड होता. काकूंनी पदर सारखा केला. “तो पौल होता रे. त्याची मंडळ्यांना गरज होती. माझी कुणाला आहे?”

मुलगा हिरमुसला. मला मात्र तिथे काहीतरी कळलं. वचन योग्य होतं, पण ते पावती फाडल्यासारखं हातात ठेवलं होतं. सिग्नल तोडलात, हा घ्या दंड. माणसाला त्याच्याच ग्रंथातून हरवलं तर तो ग्रंथ मिटून ठेवतो. माझा आजवरचा अनुभव असा आहे की माणूस ज्या गोष्टींवर वाढला, त्यातच त्याचं औषध कुठेतरी ठेवलेलं असतं. फक्त ते काढून देण्याचा मान त्याचा असतो, आपला नाही. ही माझी पद्धत आहे. काही सहकारी तिला ‘मॅडमच्या गोष्टीगप्पा’ म्हणतात. म्हणोत.

पाचव्या भेटीत मी विषयच बदलला. काकूंनी तीस वर्षं शब्बाथ शाळेत मुलांना शिकवलं होतं. मी विचारलं, “पोरांना सांगायला सगळ्यात आवडायची ती गोष्ट कुठली?”

“एलीया संदेष्ट्याची,” लगेच उत्तर. आणि बाई पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसल्या. कावळे त्याला भाकर आणि मांस आणून द्यायचे ते सांगितलं. कर्मेल डोंगरावर आग उतरली ते हातवारे करून सांगितलं. मग म्हणाल्या, “यानंतरचं पोरांना सांगत नसे मी. लहान असतात.”

“मला सांगा.”

“मग राणी ईजबेल त्याच्या जिवावर उठते. तो पळतो. रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं देवा, आता माझा जीव घे.” त्या थांबल्या. मी खिडकीकडे पाहत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं ते टुणटुण गाणं चालू होतं, आणि ते संपेपर्यंत दोघी गप्प होतो.

“मग देव काय बोलला त्याला?” मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

“काही नाही.” काकूंच्या कपाळावर आठी आली, जणू त्यांनाही ते आत्ताच दिसत होतं. “काहीच नाही बोलला. झोपू दिलं त्याला. मग देवदूतानं हात लावून उठवलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. तो खातो आणि पुन्हा झोपतो. तर देवदूत पुन्हा येतो. पुन्हा तेच. ऊठ, खा, तुला लांबचं चालायचंय.”

“दोनदा?”

“दोनदा.” आणि मग बराच वेळ काही नाही. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. “आमची ही,” दाराकडे बोट करत म्हणाल्या, बाहेर बाकावर सून बसली होती, “रोज सकाळी माझ्या खांद्याला हात लावते. आई, उठा ना, पोहे थंडे होऊन राहिलेत. मी कूस बदलते. तर अर्ध्या तासानं परत येते.”

मी काही बोलले नाही. या धंद्यात गप्प राहणं शिकायला मला दहा वर्षं लागली, आणि त्या दिवशी ती कामी आली.

“चौदा महिने,” काकू म्हणाल्या. “दोनदा नव्हे, चौदा महिने. आणि मी कशाची वाट बघत होते? पंखवाल्याची?” मग एकदम हसू फुटलं. “देवदूताची मराठी इतकी बिघडलेली असेल असं वाटलं नव्हतं!”

हसता हसता रडायला लागल्या, ते थांबेना. सून धावत आत आली. मी तिला खूण केली, बस नुसती.

गोष्टीचा शेवट त्यांनी पुढच्या भेटीत सांगितला, डोळे मिचकावून. मरण मागणारा हा एलीया मेलाच नाही. वावटळीतून वर गेला, अग्निरथ आला होता. “मागितलं ते दिलं नाही, बघा.” आणि मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मधलं: भाकर, पाणी, दोन झोपा आणि चाळीस दिवसांची चाल झाल्यावरच देव त्याला पहिला प्रश्न विचारतो, “तू इथे काय करतोस?” मी इतकी वर्षं प्रश्नापासून सुरुवात करत होते. आता नव्या माणसाला आधी विचारते, सकाळपासून काही खाल्लंय का. चहा मागवते.

एक गाठ मात्र राहिली होती. एकदा मी विचारलं, तिकडे देवाजवळ नेमकं कसं असतं. काकूंमधली शिकवणारी बाई जागी झाली. “लोकांना वाटतं पेन्शनसारखं आहे. इथली नोकरी संपली की तिथलं सुरू. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू प्रार्थनेत म्हणतो, एकाच खऱ्या देवाला ओळखणं आणि त्यानं पाठवलेल्याला ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. ओळख काय मेल्यावरच होते? ती इथेच सुरू झालेली असते. मरण आलं तरी तुटत नाही, एवढंच.”

“मग चौदा महिने घाई कुणाला भेटायची होती?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “यांना,” अगदी बारीक आवाजात.

दफनाच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं, रडू नका, ते प्रभूजवळ आहेत. त्या रडल्या नव्हत्या. रडलं तर आशा नाही असं होईल ना! पौलानंही थेस्सलनीकाकरांना खेदच करू नका असं लिहिलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं लिहिलंय. हा फरकही मला काकूंनीच दाखवला, आणि वर म्हणाल्या, “मेलेल्या लाजाराला आपण आता उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेशी रडला तो.” नवऱ्यासाठी रडायची मुभा नव्हती, म्हणून ते सगळं ‘प्रभूकडे जायचंय’ या एका वाक्यात भरून ठेवलं होतं. हे वाक्य उकलता आलं याचं मला, खोटं कशाला बोलू, समाधान आहे.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं सांगणं. आई ‘ने रे’ म्हणाली की ‘असं बोलू नको’ म्हणून तोंड बंद करू नका, आणि ‘काय विश्वास आहे!’ म्हणून कौतुकही नको. वाक्याकडे कमी आणि ताटाकडे जास्त लक्ष द्या. जेवण, झोप, औषधं, अंघोळ, नातवंडांशी बोलणं, रविवारी उपासनेला जायची ओढ. आशा असलेला माणूस जायच्या गोष्टी करतो आणि भाजीही विचारतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस या गोष्टी सुटत चालल्या असतील, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं असेल, औषधं साठत असतील, तर प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. दोन्ही एकाच आठवड्यात. स्पष्ट शब्दांत विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत. चर्चच्या पाळकसाहेबांनाही खरं सांगा. काकूंचे पाळक समजूतदार निघाले, पुढे दर गुरुवारी घरी येऊन प्रार्थनेनंतर त्यांच्याबरोबर जेवू लागले. आणि तुम्ही चौथ्यांदा ताट परत नेत असाल तर पाचव्यांदा आणा. थकलात तर कुणाला तरी पाळी द्या. सुनेलाही माझ्याकडे तीन वेळा यावं लागलं, तिचं वेगळं.

पांढरी साडी अजून ट्रंकेतच आहे. मध्ये एकदा उन्हं दाखवून डांबराच्या नव्या गोळ्या घातल्या, असं काकूंनी सांगितलं. चिठ्ठीतलं एक गीत बदललंय, चाल फार रडकी होती म्हणे.

परवा सुनेचा फोन आला. मी घाबरूनच उचलला.

“मॅडम, आज बोलणी खाल्ली हो मी. पोह्यांवर टाकायला जीरावन नव्हतं.”

फाइलमध्ये तारीख घालून तेवढं लिहून ठेवलं.